रायफलची बैठक

बेडिंग म्हटलं की हॉस्टेलवाल्यांना पहिल्या दिवशी रिक्षातून उतरवलेली, दोरीने आवळून बांधलेली गादीच आठवणार. पण रायफललाही बेडिंग असतं, आणि ते नीट नसेल तर तिलाही आपल्यासारखीच सकाळी उठल्यावर पाठ धरल्याची तक्रार असते. आमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत याला काय म्हणायचं हा पहिला प्रश्न. वर्कशॉपमधल्या कारपेंटरी सेक्शनच्या मामांना विचारलं, "लाकडात लोखंड असं बसवायचं की जराही हलायला नको, त्याला काय म्हणता?" ते रंधा न थांबवता म्हणाले, "बैठक." इतका सोपा शब्द असताना मी उगाच डिक्शनरी उघडली होती.

तर ही बैठक एवढी महत्त्वाची का, हे सांगण्यासाठी पॅरिसपासून सुरुवात करू. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक घेतलं. स्कोअर ४५१.४. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. रेल्वेत नोकरी करणारा पोरगा म्हणून पेपरांनी त्याची तुलना धोनीशी केली, ते सगळ्यांनी वाचलंच असेल. त्याची कोच दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात खेळलेली. आणि त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली होती, जागतिक विक्रमाची बरोबरी करून. ही सगळी मंडळी जी रायफल वापरतात ती रिमफायर, म्हणजे पॉइंट टू-टू. एन.सी.सी.त आपल्या हातात येते ती याच जातीची, फक्त घराणं वेगळं.

आता त्या ४५१.४ मधल्या दशांशाकडे बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीचा व्यास ५.६. गोळीच्या भोकाची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. फायनलमध्ये या ८ मिलिमीटरचे दहा भाग करून १०.० ते १०.९ असे गुण देतात. म्हणजे एक दशांश गुण बरोबर ०.८ मिलिमीटर. ५० मीटरवर!

हे उलटं मोजून रायफलपर्यंत आणू. बॅरल ६५० मिलिमीटर धरू. टार्गेटवर ०.८ मिलिमीटरचा फरक पडायला बॅरलचं तोंड मागच्या टोकाच्या तुलनेत किती सरकावं लागेल? ०.८ गुणिले ६५० भागिले ५०,०००, म्हणजे ०.०१०४ मिलिमीटर. दहा मायक्रॉन! मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये मायक्रोमीटरवर जी सगळ्यात बारीक रेघ असते, ज्यावरून व्हायवाला हमखास प्रश्न येतो, ती एक रेघ. आणि मध्यावर बसलेली गोळी दहाच्या काठापर्यंत जायला किती? त्याच्या दहापट, म्हणजे एका झेरॉक्सच्या कागदाची जाडी. सबमिशनच्या जर्नलमधलं एक पान.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रोन प्रकारात आपला जॉयदीप कर्माकर चौथा आला होता. त्याचे ६९९.१, आणि कांस्यपदक नेणाऱ्या स्लोव्हेनियाच्या रायमंड डेबेवेचचे ७०१.०. फरक १.९ गुणांचा. फायनलच्या दहा गोळ्यांवर हा फरक वाटला तर प्रत्येक गोळीला दीड मिलिमीटर. त्याच्या रायफलची बैठक खराब होती असं मला मुळीच म्हणायचं नाही, चौथा येणारा माणूस ते सगळं बघूनच गेलेला असतो. या खेळात पदक आणि 'थोडक्यात हुकलं' यांच्यामध्ये किती जागा असते, तेवढंच दाखवायचं होतं.

रिमफायर म्हणजे काय ते पटकन सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. मोठ्या काडतुसात स्फोटक टोपी बुडाच्या मध्यभागी असते. पॉइंट टू-टूमध्ये ती वेगळी नसतेच, बुडाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिममध्येच, मसाला भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. आपण वापरतो ते .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ मधलं आहे, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं, आणि आजही जवळपास तसंच आहे. गोळी शिशाची, सुमारे २.६ ग्रॅम. मॅच अॅम्युनिशनचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास ठेवतात. मोठ्या रायफलवाले आपली काडतुसं घरी भरू शकतात, दारू कमीजास्त करून रायफलला काय आवडतं ते शोधू शकतात. रिमफायरमध्ये ती सोय नाही. काडतूस जसं फॅक्टरीतून आलं तसं. म्हणून मोठे नेमबाज एलीच्या किंवा लापुआच्या टेस्ट रेंजवर बॅरल घेऊन जातात आणि कुठल्या लॉटची गोळी आपल्या बॅरलला मानवते ते बघून तो लॉट उचलतात. अॅम्युनिशनमध्ये तुमच्या हातात एवढंच. बाकी जे काही करायचं ते रायफलमध्ये, आणि त्यात बैठक पहिली.

तुम्ही म्हणाल, पॉइंट टू-टूला धक्का तो किती? खांद्याला कळतसुद्धा नाही. बरोबर आहे. पण मोमेंटम कुठे जात नाही. २.६ ग्रॅमची गोळी बॅरलमध्ये ६५० मिलिमीटर पुढे जाते तेव्हा सहा किलोची रायफल त्याच प्रमाणात मागे सरकते: २.६ भागिले ६००० गुणिले ६५०, म्हणजे साधारण ०.२८ मिलिमीटर. गोळी अजून बॅरलमध्येच आहे, आणि रायफल पाव मिलिमीटर मागे गेलेली आहे. हे सगळं काही मिलिसेकंदांत. आपल्याला १० मायक्रॉनची काळजी, आणि रायफल २८० मायक्रॉन चाललीय! ती सरकणारच, ते थांबवता येत नाही. आपल्याला हवं ते इतकंच, की दर वेळी ती तशीच सरकावी. पहिल्या गोळीला जशी, साठाव्या गोळीला तशीच. बैठकीचं काम हेच. नेम सुधारणं हे तिचं काम नव्हे, तोच तो पणा देणं हे आहे.

आता रायफल उघडून बघू. (एन.सी.सी.ची नाही, ती उघडायची परवानगी कॅडेटला नसते. त्यावर पुढे येते.) वर लोखंडी भाग: बॅरल, आणि तिला मागे जोडलेली ॲक्शन, ज्यात बोल्ट मागेपुढे होतो. खाली लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा स्टॉक. दोघांना धरून ठेवतात खालून येणारे एक किंवा दोन स्क्रू. बस्स. सगळं नातं या दोन स्क्रूंवर. काही साध्या रायफलींमध्ये तर एकच स्क्रू असतो, उदाहरणार्थ १९६४ पासून बनणारी अमेरिकेची रूगर टेन-ट्वेंटी-टू, तिला एक स्क्रू आणि पुढे बॅरलला एक पट्टा.

मेसमधलं ते कोपऱ्यातलं टेबल सगळ्यांना माहीत आहे, ज्यावर वरणाची वाटी ठेवली की ती उजवीकडे झुकते. चार पाय, एक आखूड. आपण काय करतो? पायाखाली कागदाची घडी सरकवतो. तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं, चौथा बिंदू आला की भांडण सुरू, हे आपण दहावीलाच शिकलो. लाकडात कोरलेल्या खाचेत लोखंडी ॲक्शन ठेवली तर ती शेकडो उंचवट्यांपैकी कुठल्यातरी तीनवर टेकते. मग आपण स्क्रू आवळतो. टेबल डुगडुगतं, पण इथे स्क्रूचा जोर एवढा असतो की डुगडुगण्याऐवजी ॲक्शनच वाकते. डोळ्याला दिसत नाही, बोल्ट कदाचित जरासा जड सरकतो, एवढंच. आणि ती वाकलेली ॲक्शन प्रत्येक गोळीच्या हादऱ्याबरोबर लाकडाशी थोडी थोडी तडजोड करत बसते. आज इथे टेकली, उद्या तिथे. टार्गेटवर दोन वेगळे ग्रुप पडतात, म्हणजे पाचपैकी तीन गोळ्या एका ठिकाणी आणि दोन शेजारी, आणि नेमबाज बिचारा स्वतःच्या श्वासाला दोष देत राहतो.

कॅम्पला गेलेल्यांनी हे पाहिलेलं आहे. कोतमधून रायफली निघाल्या की सिनिअर मुली कुजबुजतात, "अमक्या बट नंबरची घे, ती बरोबर मारते." सगळ्या रायफली एकाच मॉडेलच्या, थिअरीच्या क्लासला आपण एका सुरात म्हणतो तशी लांबी ४३ इंच, वजन ६ पौंड २ औंस, तरी एक 'बरोबर मारते' आणि दुसरी 'डावीकडे खाते'. डावीकडे खाणारी त्यातल्या त्यात परवडली. ती रोज डावीकडेच खात असेल तर उस्ताद उजवीकडे नेम धरायला सांगतात आणि ग्रुप जमतो. खरी अडचण कधी डावीकडे कधी वर खाणाऱ्या रायफलची. अंजली भागवतसुद्धा मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.तूनच नेमबाजीकडे आली. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर पुढच्या कॅम्पची नावं ठरतात, तेव्हा हातात कुठली रायफल आली हे कमी महत्त्वाचं नाही.

लाकडाचा आणखी एक स्वभाव आहे. ते श्वास घेतं. हवेत ओलावा वाढला की फुगतं, कमी झाला की आकसतं. आपल्या संभाजीनगरात एप्रिलमध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की धुतलेली जीन्स तासाभरात वाळते, आणि जुलैत तीच जीन्स तीन दिवस दोरीवर. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण या दोन मोसमांत पाच टक्क्यांनी सहज बदलू शकतं. अक्रोडाचं लाकूड, ज्याचे चांगले स्टॉक बनतात, ते दर एक टक्का पाण्यामागे आडव्या दिशेने सुमारे पाव टक्का फुगतं. ४० मिलिमीटर रुंद दांड्यात हा हिशेब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन. आपण भांडतोय दहासाठी.

आणि हे फुगलेलं लाकूड बॅरलला एका बाजूने टेकलं तर काय होईल? इथे एस.ओ.एम. कामाला येतं. (सर, हे वाचत असाल तर लक्षात घ्या, मागच्या सेमिस्टरला आम्ही काहीतरी शिकलो.) बॅरल म्हणजे ॲक्शनमध्ये घट्ट धरलेला कँटिलिव्हर. व्यास २२ मिलिमीटर धरला तर मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ११,५०० मिलिमीटरचा चौथा घात. पोलादाचा ई २०० गिगापास्कल. ॲक्शनपासून २५० मिलिमीटरवर दांड्याचं टोक बॅरलला खालून २० न्यूटनने, म्हणजे साधारण दोन किलोने ढकलतंय असं समजा. त्या जागी बॅरलचा उतार पी ए वर्ग भागिले दोन ई आय, आणि त्यापुढचं बॅरल त्याच उतारावर सरळ. आकडे घाला: ०.०००२७ रेडियन. ५० मीटरवर साडेतेरा मिलिमीटर! दहाच्या बाहेर, सरळ नऊमध्ये. दोन किलो म्हणजे काय, साखरेच्या दोन पिशव्या. आणि दाबात नुसता एक न्यूटनचा, शंभर ग्रॅमचा, फरक पडला तरी जवळपास एक दशांश गुण गेला. बॅरल १६ मिलिमीटरचं सडपातळ असेल तर व्यासाचा चौथा घात लागतो, त्यामुळे हाच परिणाम साडेतीनपटीहून जास्त.

हे उदाहरण मी मुद्दाम लांबवलं, कारण मला स्वतःला आकडे मांडेपर्यंत यावर विश्वास नव्हता. बोटाने दाबलं तर बॅरल वाकतं हे ऐकून हसूच येतं. पण वाकतं.

म्हणून मॅच रायफलमध्ये बॅरल 'फ्री फ्लोट' ठेवतात. ॲक्शनच्या पुढे ते लाकडाला कुठेच शिवत नाही, हवेत तरंगतं. तपासायची देशी पद्धत: दहाची नोट घ्या, बॅरल आणि दांडा यांच्यामध्ये घाला, आणि मागे ॲक्शनपर्यंत सरकवत न्या. न अडकता गेली तर पास. थ्री पोझिशन्समध्ये तर हे जास्तच लागतं. गुडघ्यावर आणि पालथं झोपून मारताना दंडाला बांधलेला स्लिंग दांड्याचं पुढचं टोक खेचत असतो, उभं राहून मारताना स्लिंग नसतो. बॅरल दांड्याला टेकलेलं असेल तर स्लिंगचा ताण थेट बॅरलमध्ये, आणि तीन पोझिशन्सना तीन वेगळे झिरो.

याला दुसरी बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. हलक्या, सडपातळ बॅरलच्या काही रिमफायर रायफली तरंगत्या ठेवल्या तर उलट बिघडतात, आणि टोकाला थोडा टेकू दिला की सुधारतात. टेकूमुळे बॅरलचं थरथरणं दाबलं जातं. त्यामुळे 'फ्री फ्लोट म्हणजे उत्तम' हा मंत्र म्हणून पाठ करू नये. पण टेकू लाकडाचा असेल तर तो पावसाळ्यात आपलं मत बदलतो हेही विसरू नये. माझं मत विचाराल तर जाड बॅरल आणि तरंगतं.

आता प्रत्यक्ष बैठक कशी करतात. जुनी पद्धत फिटिंग शॉपसारखी. फर्स्ट इयरला सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लू लावून जॉब घासला होता ना, आणि जिथे निळं लागलं तिथे स्क्रेप केलं होतं, अगदी तेच. ॲक्शनला निळं किंवा काजळी लावायची, लाकडात बसवायची, उचलायची, जिथे डाग उमटला तिथे पटाशीने नखभर खरवडायचं. पुन्हा बसवायची. चांगला कारागीर यात दिवसच्या दिवस घालवायचा. एवढं करून पावसाळा यायचाच.

नवी पद्धत म्हणजे लाकडाऐवजी इपॉक्सीचा साचा. ॲक्शनच्या खाली लाकूड दोन-तीन मिलिमीटर कोरून काढतात आणि त्या जागी पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची पूड मिसळलेली इपॉक्सी भरतात. त्यात ॲक्शन बसवून चोवीस तास ठेवलं की लोखंडाच्या प्रत्येक चढउताराची हुबेहूब छाप उमटते. टेबलाचा पाय घासत बसण्यापेक्षा जमीनच पायाला हवी तशी ओतून घ्यायची. वाळूज, चिकलठाण्याला इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो तेव्हा मशीनच्या पायाखाली ग्राउट ओतलेलं बघितलं असेल, तत्त्व तेच.

ऐकायला सोपं, पण यातल्या दोन-तीन गोष्टींत भले भले फसतात. पहिली, इपॉक्सी लोखंडाला चिकटायला नको. म्हणून ॲक्शनला वॅक्सचा किंवा बिनरंगी बूट पॉलिशचा पातळ थर देतात, आणि प्रत्येक भोक, खाच, ट्रिगरची जागा प्लॅस्टिसिन मातीने बुजवतात. एक खाच राहिली तर इपॉक्सी आत जाऊन घट्ट होते आणि रायफल स्टॉकमधून पुन्हा निघत नाही. करवतीने लाकूड कापून काढावी लागते. दुसरी, इपॉक्सी ओली असताना स्क्रू आवळायचे नाहीत. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त चुकतं. आवळले तर ॲक्शन वाकते आणि आपण त्या वाकडेपणाचाच साचा घेतो. नुसत्या वजनाने, फार तर रबरी पट्टीने हलकं धरून बसू द्यायची. तिसरी गोष्ट, ज्या रायफलींना धक्का झेलणारा खालचा दात, म्हणजे रिकॉइल लग, असतो त्या दाताच्या पुढे, बाजूंना आणि तळाला टेप लावून फट ठेवतात. फक्त मागची बाजू इपॉक्सीला टेकते. म्हणजे धक्का एकाच ठरलेल्या भिंतीवर जातो. हा दात नसला तर बिचारा पुढचा स्क्रूच दाताचं काम करतो, ते बरं नाही.

"एम-सील चालेल का?" हा प्रश्न मला रूममेटने विचारला. एम-सीलही इपॉक्सीच, पण ते मळायचं असतं, आपोआप पसरून खाचेत शिरत नाही. आणि गॅरेजमध्ये गाडीचा पोचा भरायला वापरतात तो बॉडी फिलर तर नकोच, तो पॉलिएस्टरचा, सुकताना जास्त आकसतो. आकसला की साचा गेला.

इपॉक्सीनंतर येतात पिलर. हे का लागतात ते पुन्हा आकड्यांत बघू, मशीन डिझाइनवाले खूश होतील. एम-सिक्स स्क्रू पाच न्यूटन-मीटरने आवळला तर त्यातला ताण सुमारे टॉर्क भागिले (०.२ गुणिले व्यास), म्हणजे ४,१६७ न्यूटन. सव्वाचारशे किलो! पाच-सहा धडधाकट माणसं त्या एका स्क्रूला लटकल्यासारखं. अक्रोडाचं लाकूड आडव्या दिशेने सुमारे सात मेगापास्कलला चेपायला लागतं. तेवढा जोर सोसायला सहा चौरस सेंटिमीटर जागा हवी, आणि स्क्रूच्या डोक्याखाली तेवढी नसते. मग लाकूड हळूहळू चेपतं, स्क्रू सैल होतो, आपण पुन्हा आवळतो, लाकूड पुन्हा चेपतं. पिलर म्हणजे स्क्रूभोवती घातलेली ॲल्युमिनियमची नळी. वरचं टोक ॲक्शनला, खालचं टोक स्क्रूच्या बाजूच्या पट्टीला. सव्वाचारशे किलो आता लोखंड ते ॲल्युमिनियम ते लोखंड असे जातात, लाकूड फक्त बघत उभं.

यापुढची पायरी म्हणजे लाकूडच काढून टाकायचं. आजच्या मोठ्या स्पर्धांत ॲल्युमिनियमचे स्टॉक सर्रास दिसतात. जर्मनीच्या आनशुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाउ या कंपन्यांच्या रायफली त्यात येतात. ओलाव्याची कटकट संपते. पण ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. २०० मिलिमीटरच्या ॲक्शनवर २० अंशांनी तापमान चढलं तर दोघांत चार शतांश मिलिमीटरची तफावत. सकाळी सहाला आणि दुपारी बाराला एकच झिरो राहील याची हमी इथेही नाही, विशेषतः मराठवाड्याच्या उन्हात.

स्क्रू किती आवळायचा याला मात्र एक आकडा नाही. कंपनी जो सांगते तिथून सुरुवात करायची आणि टॉर्क रेंचने थोडा थोडा बदलून ग्रुप बघायचा. हाताच्या अंदाजाने आवळणारे काका असतात, त्यांचा अंदाज त्यांच्यापाशी. टॉर्क रेंच स्वस्त नसतो, पण गोळ्यांपेक्षा स्वस्त.

आणि ग्रुप बघायचा म्हणजे किती? तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की फोटो काढून मित्रांना पाठवणारे खूप. तीन गोळ्यांवरून काही कळत नाही, नशिबाने कुठलीही रायफल तीन गोळ्या एका भोकात घालू शकते. दहा-दहा गोळ्यांचे निदान चार-पाच ग्रुप, एकाच लॉटच्या गोळ्या, वारा पडलेला, रायफल रेस्टवर टेकवलेली. बैठक करण्याआधी तेवढेच आणि नंतर तेवढेच. त्याशिवाय सुधारणा झाली म्हणणं म्हणजे पेपर चांगला गेला म्हणण्यासारखं.

एक हिशेब थंड डोक्याने करावा असा. रायफलची चूक आणि माणसाची चूक यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावं लागतं. समजा नवीन कॅडेटची स्वतःची चूक ३० मिलिमीटर आणि रायफलची ८. मिळून ३१. बैठक सुधारून रायफलची ६ केली, तरी एकूण ३०.६. काहीच फरक नाही. तिने पैसे गोळ्यांवर आणि सरावावर घालावेत. आता ज्याची स्वतःची चूक ४ आणि रायफलचीही ४ तो घ्या. एकूण ५.७. रायफल ३ वर आणली तर बरोबर ५. इथे पदकाचा रंग बदलू शकतो. म्हणजे बैठक ही वरच्या पायरीची गोष्ट आहे. मात्र ज्या रायफलमध्ये स्क्रूच सैल आहे, तिथे तो आवळणं ही पहिल्या दिवसाची गोष्ट.

म्हणून कॅम्पमध्ये एवढंच करता येतं, आणि तेवढं करावं: फायरिंगला झोपण्याआधी, रायफल खाली आहे हे उस्तादांनी तपासल्यावर, ती हलकेच पिळून बघा. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये कुरकुर जाणवली तर उस्तादांना सांगा. ते बघतील, आर्मोररकडे पाठवतील. स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. .२२ रायफल आर्म्स अॅक्ट, १९५९ खाली येते. ज्याच्याकडे लायसन्स आहे त्यानेही काम लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्यावं.

आणि ज्यांना हे सगळं नुसतं वाचून पटणार नाही, त्यांच्यासाठी रायफलशिवायचा प्रयोग. कारपेंटरीतून सागवानी तुकडा घ्या, त्यावर एक लांब माइल्ड स्टीलची पट्टी दोन बोल्टने बसवा, पुढचा भाग हवेत ठेवून. मेट्रॉलॉजीतून मॅग्नेटिक बेसवाला डायल गेज मागा (सर देतात, रजिस्टरमध्ये सही केली की). गेजची टीप पट्टीच्या मोकळ्या टोकावर टेकवून काटा शून्यावर आणा. आता पुढचा बोल्ट सैल करा. बैठक चांगली असेल तर काटा जवळजवळ हलत नाही, पाच शतांशाच्या आत राहतो. गनस्मिथही रायफलला हीच टेस्ट लावतात, दांड्याच्या टोकाशी गेज ठेवून. मग पट्टीखाली, दोन बोल्टच्या मधोमध, झेरॉक्सच्या कागदाची एक चिंधी सरकवा, दोन्ही बोल्ट आवळा, काटा पुन्हा शून्यावर आणा, आणि पुढचा बोल्ट परत सैल करून बघा काटा कुठे जातो.